साहेब नावाच्या वळूला विकिपीडियावर पान मिळेल काय?

समजा रत्नागिरीत एक वळू आहे. आहेतच म्हणा, एक नाही चिक्कार आहेत, संध्याकाळच्या टायमाला मारुती मंदिरच्या सर्कलवरून टू-व्हीलर घातलीत तर कळेलच. पण आपण त्यातला एकच धरू. पांढरा, एक शिंग अर्धं मोडलेलं, नाव साहेब. सकाळी राम आळीत, दुपारी एसटी स्टँडच्या सावलीत, रात्री कुठल्यातरी बँकेच्या एटीएमसमोर. भाजीवाल्या मावशी त्याला कोबीचा पाला ठेवतात, रिक्षावाले त्याला "साहेब, जरा बाजू द्या" म्हणतात आणि तो देतो पण. कुणीतरी त्याच्या वाढदिवसाचा बॅनर लावलाय, खाली शुभेच्छुक म्हणून अख्ख्या मित्रमंडळाचे गॉगल घातलेले फोटो. इन्स्टावर त्याचं पेज आहे. मुंबईला नोकरीला गेलेली पोरं गणपतीला आली की आधी विचारतात, साहेब आहे ना अजून?

(हा साहेब मी आत्ता इथे बसून बनवलाय, शोधायला जाऊ नका. पण असा कोण ना कोण प्रत्येक गावात असतो, मालवणला जेटीवर बोका असेल, चिपळूणला स्टेशनवर कुत्रा असेल, अलिबागला आणखी कोण.)

तर मग कॉलेजातला एखादा पोरगा एक दिवस म्हणतो, काका, साहेबाला सगळं शहर ओळखतं, मग विकिपीडियावर त्याचं पान का नाही? आणि तो रात्री बसून पान बनवतो, मन लावून लिहितो, आणि सकाळी बघतो तर पान गायब. मग चिडतो. कोण हे लोक, कुठे बसलेत, यांना रत्नागिरी माहिती तरी आहे का.

हा प्रश्न दिसतो गमतीचा पण आहे चांगलाच किचकट, कारण त्याच्या पोटात विश्वकोश म्हणजे नक्की काय हाच प्रश्न आहे. मला जेवढा समजलाय तेवढा सांगतो.

पहिली गोष्ट म्हणजे विश्वकोश हा काही सत्काराचा कार्यक्रम नाही. शाल, श्रीफळ आणि पान असं नसतं ते. आपल्याकडे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढला, तेवीस खंड, तेही शंभर वर्षांपूर्वी, त्यानंतर वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली मराठी विश्वकोश सुरू झाला, त्याचा पहिला खंड १९७६ चा. आता कागदी कोशात पानं मोजकी. काय घ्यायचं काय सोडायचं हे संपादक मंडळ ठरवायचं, त्यांची विद्वत्ता हीच गॅरंटी. नोंदीखाली नाव असायचं, चुकलं तर कुणाला विचारायचं ते माहिती.

विकिपीडिया १५ जानेवारी २००१ ला सुरू झाला, मराठीतला १ मे २००३ ला, आणि तिथे हे दोन्ही उलटं आहे. जागेची मर्यादा अशी काही नाहीच, साहेबाचं पान टाकल्याने लोकमान्य टिळकांचं पान लहान होत नाही. आणि लिहिणारा कोण, तर कोणीही. मी, तुम्ही, तो कॉलेजचा पोरगा. त्याने खरं लिहिलं की मनचं लिहिलं हे बंगळूरला किंवा बर्लिनला बसलेल्या वाचकाने ओळखायचं कसं? लिहिणाऱ्याच्या नावावर तर विश्वास टाकता येत नाही, नाव बहुतेक वेळा टोपणच असतं. म्हणून तिथे एकच उपाय काढलाय, की बाबा तू काय बघितलंस ते राहूदे, दुसऱ्या कुणी भरवशाच्या माणसाने आधी कुठे छापलंय ते दाखव. विकिपीडिया नवीन माहिती तयार करत नाही, आधी झालेलं लिखाण गोळा करून मांडतो. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे नियम आपोआप कळतात.

आता पान हवं की नको हे ठरवायला ते जो निकष लावतात त्याला मराठी विकिपीडियावर उल्लेखनीयता म्हणतात. ढोबळ मानाने असं, की विषयावर सविस्तर लिखाण झालेलं हवं, ते भरवशाच्या ठिकाणी हवं, विषयाशी ज्याचा काही संबंध नाही अशा त्रयस्थाने केलेलं हवं, आणि शक्यतो एकापेक्षा जास्त ठिकाणी हवं. यात "लोकांना आवडतो" हे कुठेच नाही बघा. "सगळ्यांना माहिती आहे" हे पण नाही.

साहेबाला या चाळणीतून काढून बघू.

सविस्तर म्हणजे काय? पेपरात बातमी आली की "मोकाट गुरांमुळे वाहतूक कोंडी, साहेब नावाचा वळूही रस्त्यात", तर यात साहेब आलाय खरा पण बातमी कोंडीची आहे, त्याची नाही. असले ओझरते उल्लेख शंभर जमवले तरी त्याचं एक सविस्तर लिखाण होत नाही. त्यापेक्षा एखाद्या दैनिकाच्या रविवार पुरवणीत कुणीतरी नीट पान-अर्धं पान लेख लिहिला, हा वळू कुठून आला, कोणी सोडला, लोकांनी त्याला कसं सांभाळला, एकदा जखमी झाला तेव्हा काय झालं, तर तो एक लेख भारी. असे दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी, थोड्या थोड्या वर्षांच्या अंतराने आले असतील तर मग बोलणी सुरू होऊ शकतात.

भरवशाचं ठिकाण म्हणजे जिथे छापण्याआधी कुणीतरी तपासतं आणि चूक झाली तर ज्याच्यावर जबाबदारी येते. वर्तमानपत्र, मासिक, पुस्तक, संशोधनाचा निबंध. व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड नाही, इन्स्टाची रील नाही, मग तिला दहा लाख व्ह्यूज असूदेत, यूट्यूबवरचा व्लॉग बहुतेक वेळा नाही. इथे पोरांचा सगळ्यात जास्त संताप होतो. अहो पण रील तर खरी आहे, व्हिडिओत वळू दिसतोय! दिसतोय, मान्य. वळू आहे याबद्दल कुणाची शंका नाहीच. प्रश्न एवढाच आहे की त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं काय आहे ते तपासून सांगणारं कोण आहे.

आणि त्रयस्थ. हे आपल्याकडे सगळ्यात अवघड, कारण गावात त्रयस्थ असतोच कोण? साहेबाचं इन्स्टा पेज चालवणारा साहेबाचाच माणूस. बॅनर लावणारं मित्रमंडळ पण तेच, पुढच्या नगरपरिषदेच्या निवडणुकीत त्यातला एक जण उभा राहणार, त्याला साहेबाचा उपयोग आहे. त्यांनी काढलेली स्मरणिका चालत नाही. पैसे देऊन छापलेली पुरवणी चालत नाही, आणि हल्ली बातमी कुठली नि जाहिरात कुठली हे ओळखणंच कठीण झालंय हे विकिपीडियावाल्यांनाही चांगलंच ठाऊक आहे, त्यामुळे भारतातल्या पेपरांतल्या गोडगोड बातम्यांकडे ते जरा वाकड्या नजरेनेच बघतात. थोडं लागतं मनाला, पण चूक नाही म्हणता येत.

यात अजून एक गंमत आहे. इंग्रजी विकिपीडियावर चर्चा वगैरे काही न करता झटपट पान उडवण्याचे काही मोजके नियम आहेत, आणि त्यातल्या एका नियमात माणूस, संस्था, वेबसाईट यांच्या जोडीला एकेकटा प्राणी मुद्दाम नाव घेऊन टाकलाय. म्हणजे पानात त्या प्राण्याचं काहीतरी महत्त्व आहे असा निदान दावा तरी दिसला पाहिजे, नाहीतर आल्या पावली बाहेर. हा नियम का आला असेल हे सांगायला नको, जगभरात लोक स्वतःच्या मांजराचं पान बनवत बसतात. आपल्या पोराचं पान सकाळी गायब झालं ते बहुधा याच दारातून. आणि असला नियम नसता तर घरटी एक टॉमीचं पान झालं असतं हेही तितकंच खरं.

पण मग प्राण्यांची पानं नाहीतच काय? आहेत की, आणि ती कशी झाली ते बघण्यासारखं आहे.

टोकियोचा हाचिको सगळ्यांना माहिती. मालक १९२५ मध्ये वारला, कुत्रा शिबुया स्टेशनवर १९३५ पर्यंत, म्हणजे स्वतः मरेपर्यंत येत राहिला. आता यातला आपल्या कामाचा भाग असा की पहिली कित्येक वर्षं तो तिथे येत होता तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं, उलट स्टेशनवरचे लोक हाकलायचे. १९३२ मध्ये एका मोठ्या जपानी दैनिकात त्याच्यावर लेख आला आणि चित्र पालटलं, १९३४ मध्ये तर तो जिवंत असतानाच त्याचा पुतळा बसला. कुत्रा तोच, स्टेशन तेच, रोजची फेरी तीच. फरक पडला तो कुणीतरी लिहिल्यामुळे. मग पुस्तकं आली, सिनेमे आले, नव्वद वर्षं लोक लिहीतच राहिले. त्याच्या पानावर भांडण होऊच शकत नाही. इस्तंबूलचं टोंबिली नावाचं एक जाडं मांजर होतं, रस्त्याच्या पायरीवर कोपर टेकून बसायचं, त्याचा फोटो जगभर फिरला, २०१६ मध्ये ते गेलं आणि त्याच वर्षी त्याच जागी त्याच पोजमध्ये पुतळा बसवला, तो चोरीला गेला आणि परत पण आला. आमचा साहेब सुद्धा बसतो तसा, पण त्या मांजरावर वेगवेगळ्या देशांतल्या पेपरांनी लिहिलंय आणि साहेबावर रत्नागिरीतल्या पेपराने पण धड लिहिलेलं नाही, एवढाच काय तो फरक. आपल्या देशात बघा, रणथंबोरची मछली वाघीण, गुरुवायूरचा केशवन हत्ती, दोघांचीही पानं आहेत आणि दोघांवरही ढिगाने लिखाण आहे.

आता जरा आपल्या किनाऱ्यावरची उदाहरणं घेऊ, कारण ती जास्त बोलकी आहेत.

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं पिल्लू वाळूत अडकलं होतं ते आठवत असेल. दिवाळीची गर्दी, वनखातं, गावकरी, जेसीबी, सगळे झटले, त्याला पाण्यात नेलं, आणि तरी ते वाचलं नाही. देशभर बातम्या आल्या, सविस्तर आल्या, त्रयस्थ पेपरांत आल्या. म्हणजे वरची चाळणी पास? नाही, इथे अजून एक अट आड येते. एकाच घटनेपुरती प्रसिद्धी असेल, दोन-चार दिवस गाजून विषय बंद झाला असेल, तर ती बातमी झाली, विश्वकोशाचा विषय झाला नाही. कोकणात विहिरीत पडलेल्या बिबट्याची बातमी तर वर्षातून कितीदा येते, प्रत्येकाचं पान काढलं तर वेगळा बिबट्याकोशच काढावा लागेल. पिल्लाची हकीकत गणपतीपुळ्याच्या पानात दोन ओळींत येऊ शकते, किंवा भारताच्या किनाऱ्यांवर वाहून आलेल्या देवमाशांबद्दल एखादं पान असेल तर तिथे. माहिती टाकून द्यायची नसते, तिची जागा बदलते.

कासवांचं वेगळं. २०२२ मध्ये वेळास, आंजर्ले, गुहागरच्या किनाऱ्यांवर पाच ऑलिव्ह रिडले माद्यांच्या पाठीवर सॅटेलाइट ट्रान्समीटर बसवले, वेळासची पहिली म्हणून तिचं नाव प्रथमा. मग फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरला बागेश्री आणि गुहा. यातली बागेश्री खाली उतरत श्रीलंकेला वळसा घालून पार बंगालच्या उपसागरात गेली, आणि इकडे लोक रोज पेपरात बघायचे आज कुठे पोचली, माहेरवाशीण सासरी नीट पोचली का बघावं तसं. हे कव्हरेज एका दिवसाचं नव्हतं, कित्येक महिने चाललं, आणि त्यामागे भारतीय वन्यजीव संस्था आणि मॅन्ग्रोव्ह फाउंडेशन यांचा अभ्यास होता. तर बागेश्रीला पान? माझं मत विचाराल तर, द्यायचं तर त्या अख्ख्या प्रकल्पाला द्यावं आणि त्यात बागेश्रीचा चांगला मोठा भाग असावा, कारण एकटी बागेश्री घेतली तर तिच्याबद्दल काय लिहिणार, कुठून निघाली नि कुठे गेली. खरी माहिती, म्हणजे पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी पूर्वेच्या समुद्रात जाऊ शकते, ही प्रकल्पाची आहे. उलट बाजूनेही कोणी वाद घालू शकतो, आणि असे वाद तिथे होतातच. नियम काय तराजू नाही की काटा स्थिर झाला, शेवटी माणसंच बसून ठरवतात.

आणि आता रायगडावरचा वाघ्या. इथे जरा थांबायला पाहिजे. शिवाजी महाराजांच्या समाधीजवळ वाघ्या कुत्र्याचं स्मारक आहे, १९३६ मधलं. महाराजांच्या चितेत कुत्र्याने उडी घेतली ही कथा आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत ऐकली. पण त्या काळच्या कागदपत्रांत असा कुत्रा सापडत नाही असं अनेक इतिहास अभ्यासक सांगतात, आणि राम गणेश गडकऱ्यांच्या नाटकाने ही कथा घरोघरी नेली असंही सांगितलं जातं. मध्यंतरी काही कार्यकर्त्यांनी तो पुतळा उखडला, मग तो परत बसवला गेला, आणि मार्च २०२५ मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी ते स्मारक हटवा असं मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं तेव्हा पुन्हा सगळं पेटलं. कोण बरोबर कोण चूक यात मी पडत नाही. माझा मुद्दा असा की वाघ्या खरंच होता की नव्हता याचा निकाल न लागताही वाघ्यावर विश्वकोशात लिहिता येतं. कारण त्याच्यावर लिहिलं गेलंय, वर्षानुवर्षं, वेगवेगळ्या बाजूंनी, आणि ते सगळं मांडता येतं, की कथा अशी, स्मारक कधीचं, आक्षेप कोणाचे, बाजू कोणाच्या. म्हणजे जो कुत्रा होता की नव्हता याचाच वाद आहे त्याच्याबद्दल पान होऊ शकतं, आणि जो वळू रोज सकाळी आपल्या गाडीला शिंग घासतो त्याच्याबद्दल नाही. पहिल्यांदा ऐकलं की डोकं फिरतं. पण उल्लेखनीयता म्हणजे खरेपणाचा दाखला नव्हे, ती फक्त एवढंच सांगते की या विषयावर पान लिहायला पुरेसा मालमसाला बाहेर उपलब्ध आहे.

याहून जास्त डोकं फिरवणारं सांगतो. आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाच्या कुंडात एक बोटभर मासा आहे, २०२० मध्ये तो नवीन जात म्हणून जाहीर झाला, शिस्टुरा हिरण्यकेशी. दुसऱ्याच वर्षी ते कुंड जैवविविधता वारसा स्थळ झालं. या माशाला पान मिळायला काहीच अडचण नाही, आणि त्याचं कुंड गाजलं नसतं तरी अडचण नव्हती, कारण शास्त्रीय नियतकालिकात रीतसर नाव जाहीर झालेल्या कुठल्याही जातीला पान द्यायचं असा तिथे जुना रिवाज आहे. सड्यावरच्या, म्हणजे आमच्याकडच्या कातळाच्या माळावरच्या, दगडाखालची एखादी पाल, जी आयुष्यात चार संशोधकांनी बघितली असेल, तिला पान. साहेबाला नाही. का? तर पालीचं कोणीतरी माप घेतलं, दात मोजले, जवळच्या नातेवाइकांशी तुलना केली, इतर तज्ज्ञांनी तपासलं आणि मग छापलं. ओळखणारे चार असूदेत, पण ओळख लेखी आहे.

इथे मला स्वतःला या नियमाची एक बाजू खटकते, आणि ती बोलल्याशिवाय पुढे जाववत नाही. नियम लावायला सगळ्यांना सारखा, पण लिहिणारे सगळीकडे सारखे आहेत कुठे? लंडनच्या डाउनिंग स्ट्रीटवर लॅरी नावाचा बोका आहे, २०११ पासून, तो दारात जांभई देतो ते टिपायला समोर कॅमेरेवाले आधीच उभे असतात, पंतप्रधानांसाठी आलेले. त्या बोक्याने काय केलं, तर बसला. आमच्याकडे एखाद्या तालुक्याचा वार्ताहर एकटाच दहा गावं सांभाळतो, त्यात जाहिराती पण त्यानेच आणायच्या, तो वळूवर लेख कधी लिहिणार. कोकणातलं बरंचसं ज्ञान आजपर्यंत तोंडी राहिलं, गजाली, गाऱ्हाणी, दशावतार, कुठली देवराई कोणाची आणि कुठला वाघ कुठून उतरायचा हे म्हाताऱ्यांना पाठ, पण लिहिलं कोणी. मग विश्वकोश उघडला की असं दिसतं जणू टोकियोलाच तेवढी इमानी कुत्री झाली.

कातळशिल्पांचं काय झालं आठवा. रत्नागिरी, राजापूर, लांजा, सड्यावर गुरं नेणाऱ्या माणसांना ती चित्रं पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. उक्षीचा हत्ती, कशेळीचा तो भलामोठा हत्ती ज्याच्या पोटात आणखी प्राणी कोरलेत. गावातले लोक म्हणायचे पांडवांनी काढली. विश्वकोशाच्या दृष्टीने तोवर ती जवळजवळ नव्हतीच. मग रत्नागिरीतल्याच काही लोकांनी स्वतःच्या सुट्ट्या घालून सडे पालथे घातले, नकाशे केले, मापं घेतली, पुरातत्त्ववाले आले, निबंध आले, पेपरांत आलं, आणि २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत ती गेली. मधली पायरी कोणती होती ती बघा. कोणी जाऊन विकिपीडियावर "आमच्या सड्याला पान द्या" म्हणून भांडत बसलं नाही, आधी जमिनीवर काम झालं, मग पान आपोआप आलं.

उलट्या क्रमाने केलं तर काय होतं त्याचंही एक उदाहरण आहे, आणि तेही प्राण्याचंच. दक्षिण अमेरिकेत कोआटी नावाचा लांब नाकाचा प्राणी असतो. २००८ मध्ये एका अमेरिकन विद्यार्थ्याने गंमत म्हणून त्याच्या विकिपीडिया पानावर टाकलं की याला ब्राझिलियन आर्डवार्क असंही म्हणतात. कोणीच म्हणत नव्हतं, त्याने मनचं टाकलं. पुढे पेपरवाल्यांनी विकिपीडिया बघून ते नाव वापरलं, आणि मग विकिपीडियावर त्याच पेपरांचा संदर्भ लागला. झालं, खोट्याला पुरावा मिळाला. आपल्या साहेबाबद्दल त्या पोराने पानात लिहून ठेवलं की हा वळू १९९८ मध्ये थिबा पॅलेसच्या आवारात जन्मला, तर दोन वर्षांनी कुठल्यातरी पुरवणीत तेच छापून येणार आणि मग तो इतिहास. म्हणून आधी बाहेर लिहिलेलं दाखवा असा हट्ट धरतात त्याला अर्थ आहे.

पानावर आक्षेप आला की चर्चा लागते, इंग्रजीत साधारण सात दिवस चालते. तिथे आपले लोक नेहमी करतात ते करू नका, म्हणजे ग्रुपवर लिंक टाकून "सगळ्यांनी जाऊन 'पान ठेवा' असं लिहा रे" असं. ते मतदान नसतं. दोनशे जणांनी "आमचा साहेब ग्रेट आहे" लिहिलं आणि एकाने म्हटलं की कुठलाही सविस्तर संदर्भ नाही, तर वजन त्या एकाच्या बोलण्याला, आणि एका दिवसात उगवलेली दोनशे नवी खाती बघून प्रचालक, म्हणजे पानं उडवायचा अधिकार असलेले तिथले सदस्य, अजूनच सावध होतात. त्यापेक्षा एक माणूस वाचनालयात जाऊन जुने अंक चाळून आला तर जास्त उपयोग. आणि हे बऱ्याच जणांना माहिती नसतं: संदर्भ ऑनलाइनच हवा असं अजिबात नाही, इंग्रजीतच हवा असंही नाही, इंग्रजी विकिपीडियावर सुद्धा मराठी पेपराचा संदर्भ चालतो. दैनिकाचं नाव, तारीख, पान क्रमांक, लेखाचं शीर्षक, बस. रत्नागिरीला जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं आहे, अशा ठिकाणी बसून धूळ खाल्ली की नेटवर न सापडणारं सापडतं.

निकाल पण फक्त ठेवा किंवा वगळा एवढाच नसतो. दुसऱ्या पानात विलीन करा हा पण असतो, आणि माझ्या मते साहेबासाठी तोच योग्य. रत्नागिरीच्या पानात लोकजीवनाच्या भागात, एका बातमीच्या संदर्भासहित, दोन ओळी. "साहेब" शोधलं की सरळ तिथे नेईल असं पुनर्निर्देशन ठेवता येतं. उद्या त्याच्यावर खरंच लिखाण झालं तर तिथून वेगळं पान काढायला कोणी अडवत नाही. मराठी विकिपीडियावर तर नियम थोडे वेगळे असू शकतात, प्रत्येक भाषेचा विकिपीडिया आपापलं ठरवतो, आणि तिथे लक्ष ठेवणारी माणसंही कमी, त्यामुळे पान कदाचित वर्षभर तसंच राहील आणि कोणाला पत्ताही लागणार नाही. पण कोणी बघितलं नाही म्हणून राहिलेलं पान आणि टिकलेलं पान यात फरक आहे, शंका असेल तर आधी चावडीवर, म्हणजे मराठी विकिपीडियावरच्या चर्चेच्या पानावर, विचारून घ्यावं, तिथली माणसं तशी मदतीला तयार असतात.

तोवर त्या पोराने करण्यासारखं एक काम आहे ज्याला उल्लेखनीयतेची एवढी कटकट नाही. साहेबाचे चांगले फोटो स्वतः काढून विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या फोटोंच्या सामायिक साठ्यात, टाकायचे, तारीख आणि जागा लिहून. "शहरातली मोकाट गुरं" किंवा "रत्नागिरीतले रस्ते" असल्या पानांना ते उपयोगी पडतात, आणि कोणी लेख लिहायला घेतला तर फोटो तयार. फोटो स्वतःचाच हवा, ग्रुपवर आलेला फॉरवर्ड चढवला तर कॉपीराइटमध्ये उडणार. आणि समजा पुढेमागे मित्रमंडळाने हट्टाने सर्कलवर साहेबाचा पुतळाच बसवला, तर त्याचा फोटो टाकायलाही अडचण नाही, सार्वजनिक जागी कायमस्वरूपी बसवलेल्या शिल्पाचा फोटो काढून वापरायला आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा परवानगी देतो. पुतळ्याची परवानगी मात्र वेगळी काढावी लागेल, आणि तो फॉर्म विकिपीडियापेक्षा अवघड आहे.